हेरातला चार दिवस : वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६३. गेली दोन वर्षं हौसेनं फारसी शिकतोय. आमचे सर शिकवता शिकवता अफगाणिस्तानातल्या हेरातवर इतके रमतात की ते शहर एकदा पाहायचंच, असं मनानं घेतलंय. पत्नीलाही नेईन म्हणतो. चार दिवस पुरतील का? तुम्ही तिकडे नोकरीला होतात, असं मागच्या एका उत्तरात वाचलं. कार्यक्रम आखून द्याल का? (एक वाचक, पुणे)

सर, आधी न आवडणारं सांगून टाकतो.

वहिनींना आत्ता नेऊ नका. नवरा बरोबर असला की कागदावर अडत नाही. बाईला ७२ किलोमीटरांपलीकडे जायचं तर घरचा पुरुष सोबत हवा, हा तिथल्या तालिबान सरकारचा डिसेंबर २०२१ चा नियम तुमच्यामुळे आपोआपच पाळला जाईल. अडचण पुढे आहे. ऑगस्ट २०२४ च्या कायद्यानं बाईचा उघडा चेहरा आणि चारचौघांतला आवाजसुद्धा बंदीत आणला. बागांची दारं बायकांना बंद आहेत. मशिदीत किंवा दर्ग्यात परदेशी पाहुणीला सोडायचं की नाही, हे त्या दिवशी दारावर जो उभा असेल त्याच्या मर्जीवर. म्हणजे तुम्ही आत कमानी मोजताय आणि वहिनी बाहेर गाडीत काच वर करून बसल्यात. याला सहल म्हणायचं का, हे त्यांनाच विचारा. मी माझ्या बायकोला विचारलं होतं. तिचं उत्तर इथं छापण्यासारखं नाही.

आता तुमच्याबद्दल. मे २०२४ मध्ये बामियानला पर्यटकांवर गोळीबार झाला, तीन स्पॅनिश पाहुणे गेले आणि बरोबरचे अफगाणही गेले. मे २०१४ मध्ये खुद्द हेरातमध्ये आपल्या वकिलातीवर हल्ला झाला होता. मी तेव्हा परत येऊन कऱ्हाडला स्थिरावलो होतो, टीव्हीसमोर हातातला चहा तसाच गार झाला. काबुलमधल्या आपल्या दूतावासाला ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा पूर्ण दर्जा मिळाला, पण हेरातमध्ये पासपोर्ट हरवला तर ठोठवायला आपलं दार नाही. प्रवास विम्याच्या कागदावर जे मुंगीच्या अक्षरांत छापलेलं असतं ते भिंग घेऊन वाचा. असे देश बहुतेक वेळा त्यातून वगळलेले असतात. तुमच्या मुलांनी ‘बाबा, नको’ म्हटलं तर मी त्यांच्या बाजूनं आहे.

एवढं वाचूनही तुमचं ठरलेलंच असेल, तर मात्र नीट बसून बोलू. कारण शहर तसंच आहे. तुमचे सर उगाच रमत नाहीत.

मी २००८ ते २०१० सलमा धरणावर होतो. हेरातपासून पूर्वेला दीडशे किलोमीटरांहून लांब, चिश्त गावाजवळ, हरिरूद नदीवर भारत सरकारनं बांधून दिलेलं धरण. ४२ मेगावॉट वीज आणि खाली शेतीला पाणी. उद्घाटन व्हायला २०१६ चा जून उजाडला. आम्ही छावणीत कोंडलेलेच असायचो. रस्ता धोक्याचा झाल्यावर ये-जा हेलिकॉप्टरनं. सुट्टीवर निघालं की हेरातला थांबायचं. हवा बिघडली, की हेलिकॉप्टर नाही, म्हणून आणखी एक रात्र. माझं सगळं हेरात अशा दीड-दोन दिवसांच्या तुकड्यांचं आहे. म्हणून सांगतो, चार दिवस पुरतात. फक्त बघायची ठिकाणं मोजकीच ठेवायची.

बाबर तुमच्या आधी हे करून बसलाय. १५०६ साली तो हेरातला पाहुणा म्हणून गेला आणि वीसेक दिवस रोज घोड्यावर बसून नवं काहीतरी बघत हिंडला. बघितलेल्या ठिकाणांची लांबलचक यादी त्यानं आत्मचरित्रात दिलीय. पण यादी वाचून माझ्या लक्षात राहिला तो जेवणाचा प्रसंग. समोर भाजलेलं हंस-बदक आलं आणि बाबराला ते कापता येईना, तेव्हा यजमान मिर्झानं त्याच्या पुढ्यातलं ओढून कापून दिलं. फरगण्याच्या या आडदांड पोराला हेरातच्या रीतीरिवाजांनी पार दबवलं होतं. त्याला पुढं हिंदुस्थान जिंकायचा होता, आणि इथं पक्षी कापता येत नाही.

जायचं कसं? दिल्लीहून काबुल विमानानं आणि काबुलहून हेरातही विमानानंच. रस्त्याचा विचार करू नका, तो कंदाहारवरून भलामोठा वळसा घालून जातो. दुसरी वाट इराणमधल्या मशहदहून, सरहद्दीवरच्या इस्लाम कला नाक्यावरून. अंतर कमी आहे, पण २०२५ मध्ये इराणनं लाखो अफगाणांना परत धाडलं ते मोठ्या संख्येनं याच नाक्यावरून. बिचाऱ्यांच्या त्या लोंढ्यात आपण कॅमेरा गळ्यात घालून उभं राहणं मला बरं वाटत नाही. व्हिसा हातात पडेपर्यंत तिकिटाला पैसे घालू नका. तिथं पोचल्यावर माहिती-संस्कृती खात्याचं परवानगीपत्र घ्यावं लागतं, त्याच्या पाच-सहा झेरॉक्स खिशात ठेवा. आपली कार्डं चालत नाहीत, रोख डॉलर न्यायचे, कोऱ्या करकरीत नोटा. नकाशा आणि पत्ते कागदावर लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तिथं देशभर दोन दिवस इंटरनेट बंद होतं, तेव्हा फोनमधल्या नकाशाचा उपयोग शून्य.

ऋतू शरदाचा धरा. जून ते सप्टेंबर ‘बाद-ए-सद-ओ-बिस्त-रोज’ वाहतो. तुम्हाला भाषांतर करून द्यायला नको : एकशेवीस दिवसांचा वारा. आमच्या छावणीत जेवताना डाळीत वाळू यायची आणि स्वयंपाकी म्हणायचा, साहेब, आज मीठ कमी टाकलंय. ऑक्टोबरच्या शेवटी वारा पडलेला असतो, द्राक्षं अजून बाजारात असतात आणि केशराची फुलं खुडायला सुरुवात होते. रमजान टाळा. शुक्रवार तिथला सुट्टीचा वार, तो मध्ये येईल तर त्या दिवशी बाजाराची आशा ठेवू नका.

पहिला दिवस पोचण्यात, कागदपत्रांत आणि जेवणात जाईल, जाऊ दे. संध्याकाळी ऊन उतरलं की बालेकिल्ला बघा, ‘कला इख्तियारुद्दीन’. मूळ तटबंदी सिकंदराच्या काळापर्यंत नेतात. आजचं रूप बरंचसं तैमूरच्या वंशजांचं, आणि ते उभं आहे ते आधी १९७० च्या दशकातल्या युनेस्कोच्या आणि मग आगाखान ट्रस्टच्या दुरुस्तीमुळे. आपल्याकडच्या गडांसारखा डोंगरावर नाही, शहराच्या मध्यात उंचवट्यावर बसलाय. वरून जुन्या शहराचा चौकोन दिसतो. इथं एक सांभाळा. मी एकदा किल्ल्याचा फोटो काढला आणि कोपऱ्यात चौकीवरचा शिपाई आला. अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं, चहा पाजला, फोटो पुसायला लावला. ते दिवस तसे बरे होते. आता तर माणसांचे फोटो हाच नाजूक विषय आहे, तेव्हा भिंती आणि घुमटांवर समाधान माना.

दुसरा अख्खा दिवस जामा मशिदीला द्या. अख्खा म्हणजे सकाळचं ऊन, दुपारची सावली आणि मावळतीचं ऊन, सगळं. १२०० च्या सुमारास सुलतान ग्यासुद्दीन घोरीनं ती बांधायला घेतली. आपल्याला शाळेत पृथ्वीराजाबरोबर जो महंमद घोरी शिकवला, त्याचा हा थोरला भाऊ, आणि ग्यासुद्दीनची कबरही तिथंच आहे. आत शिरलात की निळ्या रंगानं डोळे दिपतात, पण त्या निळाईतली बरीचशी अलीकडची आहे. मशिदीच्याच आवारात फरशांचा कारखाना आहे, १९४० च्या दशकापासून चालत आलेला. तिथं कारागीर रंगीत फरशीचे नखाएवढे तुकडे कानशीनं घासून एकमेकांत बसवतात. ते काम भिंतीवर चढतं आणि आठशे वर्षांची मशीद तेवढीच पुन्हा नवी होते. अस्सल जुनं बघायचं असेल तर आग्नेयेकडचा घोरी दरवाजा शोधा. नंतरच्या तैमुरी फरशांखाली तो झाकला गेला होता, १९६४ मध्ये उघडा पडला. विटांचं काम आणि त्यावर ठसठशीत कूफी, म्हणजे जुन्या कोनदार अरबी वळणाची, अक्षरं. मला ती सगळ्या निळाईपेक्षा जास्त आवडतात. चुकवू नये अशी आणखी एक वस्तू म्हणजे १३७५ मध्ये ओतलेली काशाची प्रचंड कढई. सणाला ती सरबतानं भरायचे म्हणतात. आमच्या गावजेवणाची सगळ्यांत मोठी कढई तिच्यात आंघोळीला बसेल.

तिथून पायी ‘चहार सू’, चार बाजारांचा चौक. जवळच इराणच्या सफवी राजवटीतली घुमटाखालची पाण्याची टाकी आहे, तिला ‘हौज’ म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, अरे, हा तर आमचा हौद! दालान, सराई, पूल, दुकान, कारखाना. निम्मं शहर आपल्याच शब्दांत उभं आहे. तुम्हाला तर मजा येईल. फक्त पुस्तकी इराणी उच्चार थोडा सैल करा. काम करणारा माणूस दिसला की ‘मांदा नबाशी’ म्हणा, थकू नकोस. तो ‘जिंदा बाशी’ म्हणेल. या दोन शब्दांनी मला जेवढी दारं उघडून दिली तेवढी कंपनीच्या ओळखपत्रानं दिली नाहीत. मशिदीजवळ हेराती निळ्या काचेचं काम मिळतं, बुडबुडे अडकलेले वेडेवाकडे पेले. मी सहा घेतले, कऱ्हाडला एक पोचला. पेला मोज्यात घालून मोजा बुटात ठेवायचा, ही अक्कल नंतर आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुसल्ला. इथं तुमच्या डोळ्यांना काम कमी आणि मनाला जास्त. तैमूरची सून, शाहरुखची राणी गौहरशाद, हिनं १४१७ पासून इथं मशीद आणि मदरसा उभारला. पुढं तैमूरच्याच वंशातल्या सुलतान हुसेन बायकरानं आपला मदरसा शेजारी बांधला. बिहजाद चित्रं काढत होता, जामी कविता करत होता, अलीशेर नवाई पैसे पुरवत होता, ते हेच हेरात. मग १८८५ उजाडलं. रशियन फौज येईल या धास्तीनं, तोफांना मोकळं मैदान हवं म्हणून, इंग्रज अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानं आणि अमिराच्या हुकमानं हे सगळं सुरुंग लावून पाडलं. रशियन आलेच नाहीत. नऊ मनोरे उरले होते. त्यातले चार भूकंपांत आणि लढाईत गेले, आज पाच आहेत. एक तर असा कललाय की २००३ मध्ये त्याला पोलादी दोरांनी बांधून ठेवावं लागलं. धरणाच्या कामावर मी उभं आयुष्य ओळंबा धरला, पण त्या मनोऱ्याखाली उभं राहायला मला कधी जमलं नाही. मैदानात गौहरशादची कबर आहे, वर खरबुजाच्या फाकांसारखा घुमट. ऐंशीच्या घरातल्या या बाईला १४५७ मध्ये गादीच्या भांडणात मारून टाकलं. जिनं मदरसा बांधला तिच्या गावात आज सहावीच्या पुढं मुलींना शाळा नाही. वहिनींना नेऊ नका म्हणताना हेही डोक्यात होतं.

दुपारी गाजरगाह. शहराच्या ईशान्येला टेकडीच्या कुशीत अकराव्या शतकातले सूफी संत ख्वाजा अब्दुल्ला अन्सारी यांचा दर्गा, शाहरुखनं पंधराव्या शतकात नव्यानं बांधलेला. बाजूच्या खोलीत सात थरांत कोरलेला एक काळा दगड आहे, ‘हफ्त कलम’. तो दाखवा म्हणून सांगावं लागतं. वेल, त्याखाली वेल, त्याखाली आणखी वेल. कुठल्या थरावर बोट ठेवलंय तेच कळत नाही. हवं तेवढा वेळ बसा. तुम्ही फारसी शिकलात ते इथं वसूल होईल, अन्सारींच्या ‘मुनाजात’, म्हणजे प्रार्थना, लोक अजून तोंडपाठ म्हणतात.

चौथा दिवस रिकामा. विमान एक दिवस सरकतंच. नाहीच सरकलं तर दक्षिणेकडच्या जुन्या मालान पुलावर जाऊन बसा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नऊ दिवसांत ६.३ तीव्रतेचे चार भूकंप झाले, पश्चिमेकडच्या जिंदाजानची गावंच्या गावं मातीला मिळाली. शहरातल्या जुन्या वास्तूंनाही भेगा गेल्या. तेव्हा कुठं बांबू-पत्रे लावून ‘आत जाऊ नका’ म्हणत असतील, तर वाद न घालता मागं फिरा.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी तैमुरी फरशीकाम प्रत्यक्ष पाहायचंय. मुलगी आहे म्हणून नको म्हणू नका. काही मुली एकट्या जाऊन आल्याचे व्हिडिओ मी पाहिलेत. (नाव छापू नये, कोल्हापूर)

ताई, मुलगी आहात म्हणून नाही, प्रबंध आहे म्हणून नको म्हणतो. तुम्हाला भिंतीसमोर तासन् तास बसून मोजमाप घ्यायचं, रेखाटायचं. ते तिथं आज तुम्हाला कुणी करू देणार नाही. व्हिडिओ काढणाऱ्याला दहा मिनिटं पुरतात.

आधी बीदरला जा. थट्टा नाही. उदगीरपासून जवळच आहे. बहमनी वजीर महमूद गावान यानं १४७२ मध्ये तिथं जो मदरसा बांधला तो पाहिल्यावर तुम्ही दख्खनमध्ये आहात हे विसराल. तोच आराखडा, तोच उंच मनोरा, त्याच कापून बसवलेल्या फरशा. हा गावान मूळचा इराणातल्या गीलानचा आणि हेरातच्या जामीशी त्याचा पत्रव्यवहार होता, ‘इकडे या’ म्हणून त्यानं जामीला आमंत्रणही धाडलं. जामी आला नाही, पण हेरातची शैली आली. पुढं सतराव्या शतकाच्या शेवटी स्फोटात अर्धी इमारत उडाली, म्हणून आज एकच मनोरा आहे. तुमच्या दृष्टीनं ते बरंच. जिथं फरशी गळून पडलीय तिथं खालचा गिलावा आणि पकड उघडी दिसते, ती शाबूत भिंत कधी दाखवणार नाही. मग किल्ल्यातला रंगीन महाल. मग ऐपत जमेल तेव्हा समरकंद, तिथं एकटी मुलगी वही घेऊन बसली तरी कुणी मान वळवत नाही. गौहरशादनं बांधलेली मशीद मशहदलाही आहे. हेरात पाच-दहा वर्षांनी. मनोरे थांबतील, अशी आशा करू.

प्रश्न : पानिपतावर वाचतोय. हेरातला अब्दालीची कबर आहे ना? ती बघायची इच्छा आहे. (एक वाचक, सोलापूर)

नाही. ती कंदाहारला. हेरातशी त्याचा संबंध घराण्याचा : अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अब्दाली टोळीचं राज्य हेरातवर होतं, नादिरशहानं ते मोडलं. अहमदशहाचा जन्म काहीजण हेरातचा मानतात, काही मुलतानचा. १७४७ मध्ये राजा झाल्यावर त्यानं टोळीचं नाव बदलून दुर्राणी केलं, त्यामुळे तिथं ‘अब्दाली’ म्हणालात तर लोक दोन क्षण विचार करतात आणि मग ‘अहमदशाह बाबा’ म्हणून हात छातीवर ठेवतात. तिथं तो राष्ट्रपिता आहे. आमच्या साइटवरच्या गवंड्याला मी एकदा सांगितलं की आमच्याकडे ‘संक्रांत कोसळणं’ यात तुमच्या बाबाचाही हात आहे, १४ जानेवारी १७६१. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्यानं मला स्वतःच्या डब्यातला अर्धा नान दिला.

कबरीच पाहायच्या असतील तर चिश्तला घोरी काळातले दोन पडके घुमट आहेत. चिश्ती सूफींचं मूळ गाव ते. ती परंपरा पुढं अजमेर-दिल्लीवरून आपल्या खुलताबादपर्यंत आली. खुलताबाद तुम्हाला एका दिवसात होईल.

प्रश्न : येताना हेरातहून हिंग आणावा का? आमचा मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे. (एक वाचक, लासलगाव)

नमुन्याला बोटभर आणा, धंद्यासाठी नको. कच्चा हिंग अफगाणिस्तान-इराणातूनच येतो हे खरं, पण आपण डबीत वापरतो तो पीठ आणि डिंक घालून बांधलेला. कच्च्याचा वास बॅगेतून, बॅगेतल्या कपड्यांतून आणि शेजारच्या प्रवाशाच्या चेहऱ्यावरून आठवडाभर जात नाही. आणायचंच तर केशर आणा. हेरातचं केशर उत्तम, वजनाला हलकं. फक्त ओळखीच्या माणसाकडून, आणि सुटं नको.

प्रश्न : मी शाकाहारी. तिथं खायचं काय? (एक वाचक, इचलकरंजी)

उपाशी नाही राहणार. तंदूरचा लांबोडा नान, बोलानी म्हणजे बटाटा किंवा पातीचं सारण भरलेली पोळी, दह्यातली वांगी, आणि द्राक्षं किती तऱ्हेची ते मोजू नका. ‘बे-गोश्त’ हा शब्द पाठ करा आणि दोनदा म्हणा, कारण तुम्ही गरीब आहात असं समजून कुणीतरी प्रेमानं मांसाचा तुकडा वाढतोच.

एक पदार्थ मात्र मागून घ्या : किचरी कुरूत. तांदूळ आणि मुगाची आसट खिचडी, मध्ये खळगा करून त्यात वाळवलेल्या दह्याचं आंबट पाणी आणि वर गरम तेल. आमच्या छावणीतल्या खानसाम्यानं ती पहिल्यांदा पुढ्यात ठेवली तेव्हा मी त्याला म्हटलं, ही माझ्या आईची. तो म्हणाला, नाही, माझ्या आईची. मग त्यानं माझ्या ताटातली चव घेऊन बघितली आणि कुरूत कमी पडलंय म्हणून परत आत घेऊन गेला.